आशीर्वाद म्हणजे ऐश्वर्य नव्हे

‘आपण राजाची लेकरं आहोत, मग भिकाऱ्यासारखं का जगायचं?’ हे वाक्य बंगळुरूतल्या ख्रिस्ती घरांत आता इतकं रुळलंय, की ते कुठून आलं याची चौकशीही कुणी करत नाही. व्हाइटफील्डपासून हेण्णूरपर्यंत भाड्याच्या सभागृहांत भरणाऱ्या उपासनांमध्ये ते ऐकू येतं. जुन्या दगडी चर्चमधल्या नेमस्त मंडळींच्या जेवणाच्या टेबलावरही ऐकू येतं. आणि पुण्याहून, नगरहून, वसईहून नोकरीसाठी येऊन इथे स्थिरावलेली आमची मराठी ख्रिस्ती मुलं तर ते बोधवचनासारखं मोबाइलवर फिरवतात. या वाक्यामागे एक सबंध मत उभं आहे. ते मला पटत नाही, एवढं म्हणून मी थांबणार नाही. ते घातक आहे, आणि ख्रिस्ताच्या नावाने सांगितलं जातं म्हणून अधिकच घातक आहे.

ते मत त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मी सोयीचं तेवढंच उचललं. देव उदार आहे, त्याने ही सृष्टी आपल्या सुखासाठी घडवली. चांगली नोकरी, मोठा फ्लॅट, परदेशाचा व्हिसा, नवी गाडी हे त्याच्या प्रसन्नतेचे दाखले आहेत. ज्याच्याकडे ते नाहीत त्याने विश्वास वाढवावा आणि दानाचं बी पेरावं, पीक येईलच. उपास, मौन, एकांत, साधी राहणी ही मठांमधली जुनी खुळं आहेत, देहाचा तिटकारा असलेल्यांनी ती धर्मात घुसडली. ज्यांच्या पणज्यांनी गावकुसाबाहेर दिवस काढले त्यांच्या पतवंडांना त्यागाचा उपदेश करणं म्हणजे क्रूरपणा आहे. आणि देवाच्या शोधात बुडालेला माणूस जगाच्या तरी काय उपयोगाचा?

पहिल्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. ऐश्वर्य ही देवाच्या पसंतीची खूण आहे, हा तो दावा. अशा एका उपासनेत मी गेलो होतो. व्यासपीठाची मागची भिंत काळी रंगवलेली, वर रंगीत दिव्यांची रांग, आणि गाण्यांचे शब्द दाखवणाऱ्या पडद्याच्या कोपऱ्यात दान पाठवण्यासाठीचा क्यूआर कोड. तो सबंध दीड तास तिथेच होता, प्रार्थना चालू असतानाही. मग साक्षींची वेळ आली. एका तरुणाने सांगितलं, की कर्ज मंजूर झालं, सर्जापूर रस्त्याला तीन बेडरूमचा फ्लॅट प्रभूने दिला. टाळ्या झाल्या. एका बाईंनी मुलाच्या कॅनडाच्या व्हिसाचं सांगितलं. पुन्हा टाळ्या. माझ्या शेजारी जे गृहस्थ बसले होते त्यांची नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली होती, आणि उपासना संपल्यावर त्यांनी ते मला इतक्या हळू आवाजात सांगितलं, जणू काही गुन्हा कबूल करत होते. त्या व्यासपीठावर साक्ष द्यायला त्यांना कोण बोलावणार होतं? त्यांच्याकडे सांगण्यासारखा देव नव्हता का? चार महिने रोज सकाळी उठून, बायकोमुलांसमोर चेहरा हसरा ठेवून, तरीही प्रार्थना न सोडणारा तो माणूस. त्या सभागृहात त्या दिवशी विश्वासाची खरी साक्ष कुणाजवळ असेल तर ती त्याच्याजवळ होती.

बायबल उघडून बघा, हा दावा तिथे किती पानं टिकतो. ईयोबाचं सबंध पुस्तक याच मताच्या खंडनासाठी आहे. त्याची गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले, आणि त्याचे मित्र येऊन त्याला समजावू लागले की तुझं काहीतरी चुकलं असणार, देव उगाच कुणाचं काढून घेत नाही. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर, ईयोबावर नाही. आपली साक्षींची व्यासपीठं त्या मित्रांच्याच ओळीत बसतात. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? ख्रिस्ताने तो प्रश्नच नाकारला. आणि हा दावा खुद्द ख्रिस्तालाच लावून बघा. गोठ्यात जन्म, डोकं टेकायला स्वतःची जागा नाही, तेहेतिशीच्या आसपास गुन्हेगार म्हणून मरण, अंगावरच्या वस्त्रासाठी शिपायांनी चिठ्ठ्या टाकलेल्या, आणि कबरसुद्धा दुसऱ्याची. या मापाने पाहिलं तर त्याच्याइतका शापित कुणी नाही. मग माप चुकलंय की तो?

हे माप बायबलमधून आलेलं नाही, तर आलं कुठून? त्याचा इतिहास फार जुना नाही. दानाचं बी पेरा आणि पैशाचं पीक कापा, ही शिकवण गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या टल्सा शहरातून जगभर पसरवली ती ओरल रॉबर्ट्स यांनी. त्यांनी तिथे १९८१ साली ‘सिटी ऑफ फेथ’ नावाचं गगनचुंबी रुग्णालय उघडलं. १९८७च्या जानेवारीत त्यांनी दूरचित्रवाणीवरून सांगितलं, की ठरलेल्या मुदतीत ऐंशी लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला बोलावून घेईल. पैसे जमले, ठरले त्याहून जास्तच जमले. रुग्णालय मात्र १९८९ साली बंद पडलं. ज्या शिकवणीने ते उभारलं ती मात्र बंद पडली नाही. ती उपग्रह वाहिन्यांवरून आपल्या दिवाणखान्यांत आली.

आणि बंगळुरूत तर ती हजारोंच्या गर्दीसमोर प्रत्यक्ष येऊन उभी राहिली. २००५च्या जानेवारीत जक्कूरच्या विमानतळ मैदानावर याच शिकवणीचे प्रचारक बेनी हिन यांच्या तीन दिवसांच्या सभा झाल्या. शहरात त्यावरून वाद पेटला, निदर्शनं झाली, पण तो वाद धर्मांतराच्या अंगाने रंगला. ख्रिस्ती माणसांनी जो प्रश्न विचारायला हवा होता तो दुसराच होता: शुभवर्तमानाला किंमत कशी लावता येते? त्याचं उत्तर पुढे चौदा वर्षांनी दिलं ते स्वतः हिन यांनीच. २०१९च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की शुभवर्तमानाला भाव लावणं हा पवित्र आत्म्याचा अपमान आहे, आणि कर्जमुक्तीसाठी हजार डॉलरचं बी पेरा, असल्या आवाहनांचा त्यांनी धिक्कार केला. ज्याने ही शिकवण आयुष्यभर सांगितली त्याला ती शेवटी सोडवली नसती तर गोष्ट वेगळी होती. त्याने ती सोडल्याचं जाहीर केलं. जक्कूरच्या मैदानावर बसून जे ती शिकले त्यांनी अजून सोडलेली नाही. गुरूने परत घेतलेला धडा शिष्यांनी इतक्या निष्ठेने का पाठ करावा? एकच कारण दिसतं, की हा धडा सोयीचा आहे. तो आपल्या हावेला देवाची सही मिळवून देतो.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. तो जुन्या, सुशिक्षित, इंग्रजी बोलणाऱ्या चर्चमधून येतो. ख्रिस्त काना गावच्या लग्नाला गेला, पाण्याचा द्राक्षारस केला, त्याचे टीकाकार त्याला खादाड म्हणत. मग तुम्ही कोण आनंदाला नाक मुरडणारे? आनंदाला नाक मुरडत नाही. मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढलो. नाताळच्या करंज्या, रात्रभर गावातून फिरणाऱ्या भजनी मंडळ्या, सुगीच्या सणाला चर्चमध्ये वेदीपुढे रचलेली ज्वारीची कणसं आणि मग सगळ्या मंडळीचं एकत्र जेवण, हे सगळं माझ्या रक्तात आहे. पण त्या नाताळाच्या आधी आगमनकाळ असायचा. वाट पाहायची असायची. आज बंगळुरूत नोव्हेंबर संपायच्या आत केकच्या आणि वाइनच्या जाहिराती सुरू होतात, ब्रिगेड रोडवर दिवे लागतात, डिसेंबरभर पार्ट्या चालतात, आणि पंचवीस तारखेच्या सकाळी थकून उपासनेला आलेली माणसं सव्वीसला नाताळ आवरून टाकतात. कुणाची वाट पाहिली या माणसांनी? उपासकाळाचीही तीच गत. चाळीस दिवस चॉकलेट सोडलं की झाला उपास, आणि ईस्टरच्या बुफेचं आरक्षण त्या चाळीस दिवसांतच होतं.

आणि काना गावचा दाखला द्यायचाच असेल तर पूर्ण वाचा. ते घर असं होतं की जिथे द्राक्षारस पुरला नाही. मरियेच्या लक्षात आली ती यजमानाची होणारी लाज. भोजनप्रमुखाला तर कळलंही नाही तो रस कुठून आला. कळलं ते पाणी भरणाऱ्या नोकरांना. त्या लग्नात देवाचं वैभव पहिल्यांदा पाहिलं ते वाढप्यांनी आणि पाणक्यांनी. आता आपली लग्नं बघा. देवनहळ्ळीच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टमधल्या स्वागत समारंभाला मी होतो. चर्चमधला विधी पाऊण तासात आटोपलेला, कारण छायाचित्रकाराला संध्याकाळचा उजेड हवा होता. वर ड्रोन, लॉनवर डोसा, पास्ता आणि चाटचे वेगवेगळे काउंटर, मिठाईचं टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. नवऱ्या मुलीची मावशी श्रीरामपूरकडून रात्रभर बसने आली होती. तिच्या हातातली आहेराची पिशवी कुठे द्यायची हे तिला कुणी सांगेना. ती पिशवी मांडीवर घेऊन ती शेवटच्या टेबलाशी बसून राहिली. मुलीच्या वडिलांनी त्या एका संध्याकाळसाठी घेतलेलं कर्ज ते अजून फेडताहेत. या मेजवानीला काना म्हणायचं? तिथे लाजेतून सोडवणारा पाहुणा होता, इथे सगळा थाट लाज वाटू नये म्हणून मांडलेला. देहाचा तिटकारा कुणाला आहे, उपास करणाऱ्याला, की पोट भरलं तरी ताट भरत राहणाऱ्याला, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता जो आक्षेप मला खरोखर जड वाटतो त्याकडे येतो. मराठी ख्रिस्ती समाजातला मोठा भाग महार आणि मांग समाजांतून आला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी सक्तीचा त्याग भोगला त्यांना आता हौसेचा त्याग कशाला शिकवता? शिवाय १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतून दलित ख्रिस्ती वगळले गेले ते आजतागायत वगळलेलेच आहेत. त्यांच्या मुलाने बंगळुरूत येऊन घर घेतलं, गाडी घेतली, तर तो भोग कसा? तो भोग नाहीच, आणि तसं कुणी म्हणत असेल तर त्याच्याविरुद्ध मीही उभा राहीन. पक्कं घर, मुलीचं शिक्षण, आईचं औषधपाणी, चांगले कपडे, मान वर करून चालणं, हे हक्काचं आहे. ख्रिस्ताने शिकवलेल्या प्रार्थनेत आजच्या भाकरीची मागणी आहेच. शिवाजीनगरच्या सेंट मेरीज बॅसिलिकात आठ सप्टेंबरच्या सणाला भगवी वस्त्रं नेसून अनवाणी येणारी माणसं, किंवा विवेकनगरच्या बाळ येशूच्या मंदिरात गुरुवारी रांग लावणारे सगळ्या धर्मांचे लोक नोकरी मागतात, मूल मागतात, आजार बरा कर म्हणतात. गरजवंताने देवाकडे मागू नये असं कोण म्हणेल?

पण हा आक्षेप पुढे करणारे कोण आहेत ते नीट बघा. पणजोबांच्या उपासमारीच्या नावाने ते आपल्या तिसऱ्या गाडीचं समर्थन करतात. आणि ज्यांची उपासमार अजून संपलेली नाही त्यांचं या ऐश्वर्याच्या शिकवणीत काय होतं? चार घरची धुणीभांडी करून महिन्याचे पैसे आणणारी बाई आधी दशमांश देते, मग वर बी पेरते. पीक येत नाही. नवऱ्याची दारू सुटत नाही, मुलाला नोकरी लागत नाही. ती विचारायला जाते तेव्हा तिला सांगतात, तुझा विश्वास कमी पडला. गावकुसाबाहेरच्या तिच्या पणजीला सांगितलं होतं, की तुझं हे नशीब मागच्या जन्मीच्या पापाचं फळ. ख्रिस्ताकडे आली ती याच वाक्यातून सुटायला. दीडशे वर्षांनी आपण तिला तेच वाक्य नव्या कपड्यांत परत दिलं. दलितांच्या बाजूने बोलल्याचा आव आणणाऱ्या या शिकवणीइतका दलितांचा विश्वासघात दुसरा नाही, आणि याबाबतीत मी तिळभरही मागे हटणार नाही.

देवाच्या शोधात बुडालेला माणूस जगाच्या उपयोगाचा नसतो, या आक्षेपावर मला खरं म्हणजे सगळ्यात जास्त संताप येतो, कारण मराठी माणसाने तरी तो घेऊ नये. पंडिता रमाबाईंचा जन्म आजच्या कर्नाटकातलाच, १८५८ सालचा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. त्या संस्कृतच्या पंडिता होत्या, कलकत्त्याने त्यांना ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं होतं, इंग्लंड-अमेरिकेत त्यांची भाषणं गाजली होती. कीर्ती, मानमरातब, परदेशी मित्रमैत्रिणी, सगळं होतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी आपल्याला धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, ही टोचणी त्यांना पुढे कित्येक वर्षं लागून राहिली. तो शोध त्यांनी अर्धवट सोडला नाही. आणि तो जसजसा खोल गेला तसतसं त्यांचं काम वाढत गेलं. १८९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून घेऊन आल्या. केडगावच्या माळरानावर ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली, आणि १९००च्या दुष्काळानंतर तिथे सुमारे दोन हजार बायकामुली होत्या. विहिरी खणल्या, शेती केली, माग बसवले, तेलघाणा घातला, छापखाना चालवला. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, अडाणी बाईलाही कळेल अशा मराठीत सबंध बायबलचं भाषांतर केलं, आणि त्याचे खिळे जुळवले ते ज्यांना समाजाने टाकून दिलं होतं अशा मुलींनी. गुलबर्ग्याला शाळा काढली, ती मुलगी मनोरमाने सांभाळली. १९२२ साली रमाबाई गेल्या तेव्हा त्यांच्या अंगावर जाडंभरडं पांढरं लुगडं होतं. ही बाई जगापासून पळाली? ज्यांना फ्लॅटच्या हप्त्यापलीकडचं जग दिसत नाही त्यांनी रमाबाईंना पळपुटं म्हणायचं?

रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनच्या पगारी नोकरीतून मोकळे झाले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला, न घेतलेला, जो ख्रिस्ताचा म्हणवतो तो त्या दरबारात बसू शकत होता. तुकोबांच्या वाटेवरूनच आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, हे ते उघडपणे सांगत. आणि संन्यास फक्त मठातल्यांसाठी, आम्ही संसारी माणसं, असं जे म्हणतात त्यांनी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे बघावं. नवरा घरातलं होतं नव्हतं वाटून टाकायचा, त्या चूल सांभाळायच्या, भांडायच्या, आणि तरीही त्या घरात अनाथ मुलं वाढत राहिली. तुकोबा वाणी होते, सावता माळी मळ्यात राबत होते. मराठी माणसाला संसारात राहून देव शोधणं कुणी परक्याने येऊन शिकवायला हवं का? आमच्या काळातलं हवं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. प्रार्थना आणि चिंतन हा ज्यांचा पिंड, त्यांनीच हरित वसईसाठी गुंडगिरीविरुद्ध रस्त्यावर उतरून जीव धोक्यात घातला, आणि त्यांनीच २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. ज्याला स्वतःसाठी काही जमवायचं नाही त्याला घाबरवायचं कशाने?

बंगळुरूतही हे बघायला फार लांब जावं लागत नाही. होसूर रोडवर ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या भगिनींचा वृद्धाश्रम आहे. त्यांची संस्थापक जान ज्युगान हिने १८३९ साली फ्रान्समधल्या एका गावात एका आंधळ्या, लुळ्या म्हातारीला घरी आणलं, स्वतःचा पलंग तिला दिला आणि स्वतः माळ्यावर झोपायला गेली. या भगिनींनी कायमच्या ठेवी न ठेवता, झोळी घेऊन मागत, म्हाताऱ्यांना सांभाळायचं अशी परंपरा ठेवली. बाजारात भाजीवाल्याकडे, दुकानदाराकडे जायचं आणि जे मिळेल ते आणायचं. राजाच्या लेकरांनी भिकाऱ्यासारखं का जगायचं, असं विचारणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावं. तिथे राजाच्या लेकी खरोखरच भीक मागतात, दुसऱ्यांच्या ताटासाठी.

एक शेवटची पळवाट उरते, आणि ती अलीकडे आयटी कंपन्यांतल्या आमच्या मुलांमध्ये फार चालते. आम्हालाही अध्यात्म हवंच आहे, असं ही मुलं म्हणतात. शनिवार-रविवारची शिबिरं, मंद दिव्यांतली स्तुतिगीतं, डोळे मिटून आलेला हुंदका, सोमवारी हलकं वाटणारं मन. त्यांच्या थकव्याची मला जाणीव आहे. पण हलकं वाटणं हे देव भेटल्याचं प्रमाण नव्हे. हीसुद्धा उपभोगाचीच मागणी आहे, फक्त वस्तू बदलली. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं, की जवळपास पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देवाची चाहूलही लागत नव्हती. आत कोरडं वाळवंट होतं, आणि बाहेर त्या रोज पहाटे उठून मरणाऱ्यांचे घाव धूत होत्या. भावना हाच पुरावा असता तर त्या दुसऱ्याच वर्षी घरी परतल्या असत्या. आध्यात्मिक तृप्ती ज्याला म्हणतात ती अशी रुक्ष, हट्टी, इमानी गोष्ट आहे, आणि ती तिकिटाने मिळत नाही.

तेव्हा बंगळुरूतल्या पाळकांना, फादरांना आणि भाड्याच्या सभागृहांतल्या प्रवचनकारांना माझं उघड सांगणं आहे. दानाचा कोड पडद्यावरून काढा. साक्षींच्या वेळी नोकरी गेलेल्याला आधी बोलावा. चर्चमध्ये लागणाऱ्या लग्नाचं जेवण चर्चच्या आवारात, सगळ्या मंडळीसोबत, कर्ज न काढता होईल असा नियम करा, आणि तो नियम श्रीमंत घरापासून लागू करा. आगमनकाळ आणि उपासकाळ पाळायचा तर पूर्ण पाळा. त्यात वाचलेला पैसा कुठे गेला ते मंडळीसमोर वाचून दाखवा. आणि वर्षातून एका रविवारी तरी त्या धनवान तरुणाच्या गोष्टीवर प्रवचन करा, जो धावत ख्रिस्तापुढे आला, गुडघे टेकले, सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळल्या म्हणाला, आणि सगळं विकून गोरगरिबांना दे म्हटल्यावर खिन्न होऊन निघून गेला. ख्रिस्ताचं त्याच्यावर प्रेम बसलं होतं, असं शुभवर्तमान सांगतं. तरी ख्रिस्ताने त्याला जाऊ दिलं. त्याच्यामागे धावत जाऊन अट सैल केली नाही, निम्मं विकलंस तरी चालेल म्हटलं नाही. ती अट आमच्या व्यासपीठांनी सैल केली आहे. ती त्यांनी परत घट्ट करावी, आणि जे उठून जातील त्यांना जाऊ द्यावं.